मराठी ख्रिस्ती घरातील नित्याचे प्रश्न

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील मौजे अवसरी बुद्रुक हे मंचरच्या बाजारपेठेलगतचे गाव, ग्रामदैवत भैरवनाथ. यात्रेचा हंगाम जवळ आला, की या टापूतील बहुतेक गावांत घरोघर वर्गणीचे पावतीपुस्तक फिरते, बैलगाड्यांच्या घाटाची डागडुजी होते, कुस्त्यांचा आखाडा उकरला जातो, तमाशाच्या फडाची सुपारी ठरते आणि पालखी निघाल्यावर शेरणीचा प्रसाद वाटला जातो. अशा गावात एखाददुसरे ख्रिस्ती कुटुंब नांदत असेल, तर त्याच्यापुढे धर्मश्रद्धेचा पहिला प्रश्न उभा राहतो तो त्रैक्याच्या गूढाचा वा आदिपापाच्या मीमांसेचा नसून त्या पावतीपुस्तकाचा असतो. वर्गणी द्यावी तर मूर्तिपूजेस हातभार लावल्याचा ठपका मंडळीतील वडीलधारे ठेवतील. न द्यावी तर ज्या गावाने पाण्याच्या पाळीत, लग्नकार्यात आणि मयतीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून घेतले, त्या गावाशी फटकून वागल्यासारखे होईल. पुष्कळ ठिकाणी यातून एक सोज्ज्वळ तडजोड निघते: ‘पूजेच्या खर्चात नको, पण कुस्तीच्या बक्षिसात किंवा पाणपोईत आमचे नाव घाला.’ वर्गणी गोळा करणाराही समजुतीने मान हलवतो आणि पावती फाडतो. धर्मशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांत ही तडजोड कोठे नोंदलेली नाही. परंतु मराठी ख्रिस्ती जीवन बव्हंशी अशाच तडजोडींवर चालत आलेले आहे, आणि त्यांचा साकल्याने विचार करावा एवढाच या आढाव्याचा हेतू आहे.

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे 10 लक्ष 80 हजार, म्हणजे शेकडा एकाहूनही किंचित कमी. या मूठभर समाजातही एकजिनसीपणा नाही. वसईचा सामवेदी कुपारी, कोकणपट्टीतला कॅथॉलिक, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतला प्रॉटेस्टंट आणि मुंबईपुण्यात नव्याने निघालेल्या प्रार्थनासंघांचा सभासद यांच्या चालीरीती, भाषा आणि पूर्वेतिहास निरनिराळे आहेत. आमच्या उत्तर पुणे जिल्ह्यापुरते बोलायचे, तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने जुन्नर येथे आपले ठाणे वसवले, त्याच सुमारास नाशिकजवळ शरणपूरची वसाहत उभारली; पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे निरनिराळे पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, तेव्हा या बाजूची अँग्लिकन परंपरा त्यात विलीन झाली. संस्थांचा हा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. पण या संस्थांच्या छपराखाली बसणाऱ्या माणसास आठवड्याचे सहा दिवस कोणते प्रश्न पडतात, हे पाहायचे तर संस्थांची दप्तरे बाजूस सारून पत्रे, आत्मचरित्रे आणि कोर्टाचे निकाल चाळावे लागतात.

अन्नाचा प्रश्न सर्वांत जुना. मूर्तीपुढे ठेवलेले अन्न ख्रिस्ती माणसाने खावे की नाही, हा वाद करिंथ येथील मंडळीत पहिल्या शतकातच उपस्थित झाला होता, आणि पौलाने दिलेला निर्णय मोठा मार्मिक आहे: मूर्ती म्हणजे काहीच नाही, म्हणून खाण्याने काही बिघडत नाही; परंतु आपल्या खाण्याने एखाद्या दुबळ्या बंधूचे मन डळमळणार असेल, तर त्याच्याकरिता ताट दूर सारावे. हा निर्णय बारकाईने वाचला, तर त्यात अन्नाविषयी जवळजवळ काहीच नाही. जे आहे ते शेजाऱ्याविषयी आहे. तथापि व्याख्यात्यांनी तो अर्ध्यावर तोडून त्याचा सोयीस्कर नियम बनवला, आणि शेरणीचा खडा हातावर पडताच मूठ मिटावी की उघडी ठेवावी, या विवंचनेत कित्येक मुलांचे बालपण गेले. हीच कसोटी उलट दिशेने आमच्याच जिल्ह्यात लागलेली आहे, हे विसरू नये. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर ठेवलेल्या चहाबिस्किटांवरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक प्रभृतींविरुद्ध बहिष्काराचे ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली आणि प्रायश्चित्ताची चर्चा दोन वर्षे चालली. ख्रिस्त्यांचा चहा हिंदूंना बाधतो आणि हिंदूंची शेरणी ख्रिस्त्यांना बाधते, या दोन्ही समजुतींचे मूळ एकाच सामाजिक भयात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गावकीच्या जुन्या व्यवस्थेत हा प्रश्न ताटापुरता मर्यादित नव्हता. पुणे-नगर भागातील बहुसंख्य ख्रिस्ती महार समाजातून आले, आणि महार हा गावचा वतनदार. वेशीची राखण, सरकारी टपालाची ने-आण, सणावारांतील ठराविक मानाची व अपमानाची कामे हे सारे बलुत्याच्या मोबदल्यात त्याच्याकडे चालत आलेले. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने ही कामे करावीत काय, आणि न केल्यास त्याचे वतन राहावे काय, हा पेच पाटील, मामलेदार आणि मिशनरी अशा तिघांच्याही डोक्याला ताप झाला. 1959 पासून अंमलात आलेल्या कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलनाच्या कायद्याने तो पेच कायमचा संपवला. जे काम धर्मोपदेशकांना शंभर वर्षांत साधले नाही, ते सरकारी हुकुमाने एका दिवसात झाले.

या नित्याच्या प्रश्नांना सर्वांत निर्भीडपणे कोणी तोंड फोडले असेल, तर ते पंडिता रमाबाईंनी. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि बाप्तिस्म्यानंतर शंका संपतात या सर्वसामान्य समजुतीस त्यांच्या पुढील आयुष्याने पूर्ण धक्का दिला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार 1977 साली ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. मूळ पत्रे इंग्रजीत असली, तरी त्यांतील प्रश्न अस्सल मराठी घरातले आहेत. अंडे घातलेले पक्वान्न रमाबाईंनी नाकारले, की सिस्टरांना त्यात जातीचा जुना गर्व दिसे. रमाबाई त्यावर संतापल्या नाहीत, वरमल्याही नाहीत. दूध, तूप, भात आणि पाणी यांतही माझा गर्व खुशाल शोधा, असा उपहास करून त्यांनी उलट विचारले, की एखादी इंग्रज स्त्री आमच्या देशात येऊन आपल्या सवयीचे जेवण जेवू लागली, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय? गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. ती भाषा मला येत नाही, माझ्या देशबांधवांना येत नाही, तेव्हा अक्षरे घालायचीच तर संस्कृत घाला, असा त्यांचा आग्रह होता. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचा कुमारीपोटी जन्म, मंडळीच्या अधिकाऱ्यांची आज्ञा बिनशर्त पाळण्याचे बंधन, या प्रत्येक ठिकाणी त्यांनी आपली बुद्धी गहाण ठेवण्यास नकार दिला; पुरोहितांचे एक जोखड महत्प्रयासाने फेकून दिल्यावर दुसरे आपण होऊन मानेवर घेणार नाही, हा त्यांच्या पत्रांचा मथितार्थ. गुरुस्थानी असलेल्या मंडळींना हे कृतघ्नपणाचे वाटले. परंतु पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुलीबायकांना आश्रय देणारी, हिब्रू व ग्रीक शिकून अवघ्या बायबलाचे सुबोध मराठीत भाषांतर करणारी आणि ते आश्रमाच्याच छापखान्यात मुलींकडून जुळवून घेणारी बाई ती हीच. शंका विचारल्याने श्रद्धा क्षीण होते, असे म्हणणाऱ्याने या एका चरित्राचा खुलासा करून दाखवावा.

रमाबाईंच्या मनावर ज्यांच्या लेखनाचा परिणाम झाला, ते नीलकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे यांची कथा याहून व्याकूळ करणारी आहे. काशीत वाढलेला हा चित्पावन पंडित 1848 साली ख्रिस्ती झाला, षड्‌दर्शनांचे खंडन करणारा ग्रंथ त्याने लिहिला, परंतु ज्या तर्काच्या शस्त्राने त्याने दर्शने छेदली तेच शस्त्र जन्मभर स्वतःच्या विश्वासावर परजत राहिला. 1895 साली तो वारला. त्यास शांती लाभली की नाही, याची वादावादी चरित्रकारांनी करावी. अशा माणसास मंडळीने अखेरपर्यंत आपला म्हटले, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

पुरुषाच्या धर्मांतराची किंमत घरात कोण मोजते, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला, आणि ज्या बाईने विचारला तिने तो हसतहसत विचारला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी बाप्तिस्मा घेतला, त्या वेळी पत्नी लक्ष्मीबाईंना कोणी विचारले नव्हते. सोवळेओवळे, माहेरची माणसे, लहानगा दत्तू आणि एकाएकी परका झालेला नवरा यांच्या ओढाताणीत त्यांची वर्षे गेली. काही काळ पंढरपुरात नातलगांच्या आसऱ्याने काढला. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना असे दिसते, की त्यांच्या मनातली गाठ सुटली ती व्याख्यानाने वा वादविवादाने नव्हे, तर जात माणसाने केली, देवाने नाही, हे त्यांचे त्यांनाच कळले म्हणून. 1900 च्या सुमारास त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. आजही आंबेगाव-जुन्नरच्या एखाद्या घरात सून प्रार्थनासभेला जाते आणि सासू देवघर सांभाळते, किंवा याच्या उलट असते. अशा घरांना उपदेशकाच्या घाईपेक्षा लक्ष्मीबाईंचा धीर अधिक उपयोगी पडेल. खुद्द टिळक तर तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचल्याचे अभिमानाने सांगत, आणि 1917 साली मिशनच्या पगारी सेवेतून मोकळे होऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यांनी मज्जाव केला नाही. हा दरबार दोन वर्षांतच टिळकांच्या निधनाने निराधार झाला, आणि त्याचा पाठपुरावा करण्याची हिंमत मराठी मंडळीने फारशी दाखवली नाही. हा दोष मंडळीचाच समजला पाहिजे.

यानंतर दुःखाचा प्रश्न. प्रार्थना केली, उपवास केले, तरी मूल वाचले नाही; ही तक्रार घेऊन पाळकाकडे येणारी आई कोणत्याही पंथाची असली तरी तिचे समाधान ग्रंथांतून होत नाही. कांदाबटाट्याचा भाव मंचरच्या बाजारात एका आठवड्यात कोसळतो, कर्ज तसेच राहते, आणि रविवारी मात्र देव आपल्या लेकरांना पुरवतो असे गीत गायचे असते. त्या वेळी ओठ हलतात आणि मन आडून बसते. या ठिकाणी गेल्या काही दशकांत आरोग्यसभांचे पेव फुटले आहे. मंडपात आजारी माणसास पुढे बोलावतात, हात ठेवून प्रार्थना करतात, आणि बरे न वाटल्यास विश्वास कमी पडला असे सांगून दोष त्याच्याच पदरात टाकतात. ही शिकवण मला निर्दय वाटते. ईयोबाच्या मित्रांनी नेमके हेच केले होते, आणि पुस्तकाच्या अखेरीस देवाचा कोप झाला तो ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर. प्रार्थनेस माझा विरोध नाही. इन्शुलिन बंद करून प्रार्थना करण्यास आहे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोख कोणत्याही एका धर्मावर नाही. मांत्रिकाइतकाच तो चमत्काराच्या नावाने लोकांना फसवणाऱ्या उपदेशकासही लागू पडतो, हे मंडळ्यांच्या पंचांनी लक्षात ठेवावे. रमाबाईंसारख्या प्रार्थनाशील स्त्रीस उत्तरायुष्यात बहिरेपणाने गाठले, आणि 1921 च्या जुलैत एकुलती कन्या मनोरमा तिच्या देखत गेली. त्यानंतर सुमारे नऊ महिन्यांनी, 5 एप्रिल 1922 रोजी, आई गेली. तिचा विश्वास कमी पडला असे म्हणण्याचे धाडस कोणता आरोग्यसभावाला करील?

आता जातीचा आणि दाखल्याचा प्रश्न, ज्याविषयी सभ्य ख्रिस्ती नियतकालिके बहुधा हळू आवाजात बोलतात. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली शीख व 1990 साली बौद्ध यांचा त्यात अंतर्भाव झाला, ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. सूसाई खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की धर्मांतरानंतरही जातीची पीडा तितक्याच तीव्रतेने चालू राहते असे पुराव्याने दाखवावे लागेल. 2007 मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढण्याची शिफारस केली. 2022 मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. 2024 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने केवळ आरक्षणाकरिता हिंदू म्हणवून घेणाऱ्या ख्रिस्ती अर्जदार स्त्रीची मागणी फेटाळली. कायद्याची ही चर्चा दिल्लीत होते, तिचे परिणाम मात्र शाळेच्या रजिस्टरात उमटतात. मुलाचे मंडळीच्या दप्तरातील नाव एक, शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे. पाळकाने बाप्तिस्म्याच्या वेळी उच्चारलेले नाव घरात राहते आणि तहसील कचेरीत आजोबांच्या जातीचे नाव पुढे होते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना बाप क्षणभर थांबतो, आणि त्या क्षणी श्रद्धेची जी परीक्षा होते ती रविवारच्या कोणत्याही प्रवचनात सापडत नाही. त्याला ढोंगी म्हणणे सोपे आहे; ज्यांच्या घरात दाखल्याविना भागते, त्यांनी तरी तो शब्द वापरू नये.

याहून अवघड गोष्ट अशी, की जात मंडळीबाहेरच आहे असे नाही. प्रभुभोजनाच्या वेळी एका पेल्यातून पिणारी घराणी सोयरिकीच्या वेळी पूर्वीच्या जातीची चौकशी करतात, हे नगरपासून पुण्यापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1938 च्या जानेवारीत सोलापूरच्या ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला मोहिनी घातल्याचे सांगितले, पण त्याच भाषणात मिशनच्या आश्रयाने वाढलेला हा समाज सार्वजनिक अन्यायाविषयी उदासीन राहतो, असेही परखडपणे सुनावले. त्यांनी पुढे कोणता मार्ग पत्करला हे जगजाहीर आहे. ती टीका आपण मनावर घेतली असती, तर मराठी ख्रिस्ती इतिहासाला निराळे वळण लागले असते, असे मला राहून राहून वाटते.

वैवाहिक दुःखाविषयी थोडक्यात सांगावे लागते. 1869 च्या घटस्फोट कायद्यान्वये पतीस पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीस मात्र व्यभिचाराच्या जोडीस क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997 साली प्रगती वर्गीस खटल्यात ही विषमता घटनाबाह्य ठरवली आणि 2001 मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. म्हणजे छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती स्त्रीला कायद्याने एकशे बत्तीस वर्षे सांगितले, की नुसता छळ पुरत नाही. आणि या काळात बहुतेक व्यासपीठांवरून तिला क्षमा करण्याचाच उपदेश झाला. तरुणांच्या तक्रारी याहून हलक्या असल्या तरी खऱ्या आहेत: चाकण-पुण्याला नोकरीस गेलेल्या मुलाला ना. वा. टिळकांची भजने जुनी वाटतात, इंग्रजी-हिंदी गीतांचा वाद्यवृंद आवडतो, आणि गावी परतल्यावर पेटी-तबल्याच्या उपासनेत त्याचा जीव रमत नाही. त्यावर रागावण्यात अर्थ नाही. मात्र ज्याने स्वतःच्या भाषेतील भजन एकदाही मनापासून म्हटले नाही, त्याने ते जुने झाले असा निवाडा देऊ नये.

या सर्व प्रश्नांचा एकत्र विचार केला, म्हणजे मराठी ख्रिस्ती परंपरेचा उगमच प्रश्नात आहे, याची आठवण होते. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले. त्याच्या आरंभी एक ब्राह्मण ख्रिस्ती विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचायचे काय? फादरने त्यास गप्प बसवले नाही. त्याच्या उत्तरादाखल जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या. अलीकडच्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीही ‘सुबोध बायबल’ लिहिताना आणि हरित वसईचे आंदोलन चालवताना प्रश्नकर्त्याला वैरी मानले नाही. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा अवघ्या महाराष्ट्राने हा आवाज ऐकला. या दोघांच्या मधल्या चारशे वर्षांत आमची व्यासपीठे उत्तरे पाठ करीत गेली, आणि कोणी विचारलेच नाहीत अशा प्रश्नांची उत्तरे देण्यात तरबेज झाली.

म्हणून पाळकांस आणि मंडळीच्या पंचांस एक विनंती. महिन्यातील एका रविवारी प्रवचनाचा वेळ श्रोत्यांच्या प्रश्नांस द्यावा. वर्गणीचा, दाखल्याचा, औषधाचा, सोयरिकीचा, कोणताही प्रश्न अस्थानी समजू नये. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे. महिला मंडळांनी ‘स्मृतिचित्रे’ सामुदायिक वाचनास घ्यावे. रमाबाईंच्या पत्रांचे स्वस्त, सुबोध मराठी पुस्तक करून ते अवसरीसारख्या गावातील एकाकी ख्रिस्ती घरापर्यंत पोहोचवण्याची तजवीज एखाद्या मंडळीने हाती घेतली, तर तिचा खर्च नाताळच्या मंडपाहून जास्त येणार नाही.